दूधकट्ट्यावरचा थांबा

डब्लिनहून पोर्टलीशकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर आमचं गाव आहे. एक मोठा रस्ता, एक चौक, एक चर्च, चार पब आणि गावाबाहेर एकसारख्या घरांच्या तीन-चार वसाहती. इथे वसाहतीला इस्टेट म्हणतात. आम्ही इस्टेटीत राहतो असं मी पहिल्यांदा फोनवर सांगितलं तेव्हा माझ्या सासूबाईंना वाटलं, मुलाने आयर्लंडमध्ये जहागीर घेतली.

घर घेतलं ते परवडलं म्हणून. नवरा वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात, शिफ्टमध्ये. माझं ऑफिस डब्लिनला, बॉल्सब्रिजमध्ये. सकाळी अंधारात गाडी काढायची, स्टेशनवर लावायची, रेल्वेने डब्लिन गाठायचं, तिथून बस. संध्याकाळी हेच उलट. कित्येक वर्षं मी त्या गावात फक्त झोपायला येत होते. गावात पोस्ट कुठे आहे हेही मला माहीत नव्हतं, कारण पोस्टाच्या वेळात मी कधी गावात नसायचेच.

२०२०च्या मार्चमध्ये ऑफिस बंद झालं आणि मी लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरातल्या टेबलावर येऊन बसले. मुलीची शाळा शेजारच्या खुर्चीवर.

आमच्या शेजारच्या घरात एक बंगाली डॉक्टर राहते. पोर्टलीशच्या हॉस्पिटलमध्ये आहे. फेब्रुवारीत तिची आई तिच्याकडे महिनाभरासाठी म्हणून आली होती. विमानं बंद झाली आणि त्या इथेच अडकल्या. व्हिसा सरकारनेच वाढवून दिला, तो प्रश्न नव्हता. प्रश्न होता तो लेकीचा. ती रोज हॉस्पिटलमध्ये जायची आणि आपल्यामुळे आईला काही होईल या भीतीने घरात वरच्या मजल्यावर वेगळी राहायची. एका घरात राहून मायलेकी एकमेकींशी फोनवर बोलत होत्या.

एका रविवारी ती कुंपणापलीकडून मला म्हणाली, "तू घरीच असतेस ना आता? आईला जरा रोज बाहेर नेशील? तीन खोल्यांत ती वेडी होईल गं."

अशा रीतीने माशीमा माझ्या आयुष्यात आल्या. माशीमा म्हणजे मावशी. त्यांनीच तसं म्हणायला सांगितलं. मला त्या 'मा' म्हणायच्या. आपल्याहून लहान बाईला आई म्हणायचं, ही बंगाली माया अंगवळणी पडायला मला थोडे दिवस लागले.

सत्तरी ओलांडलेली, बुटकी, ताठ बाई. सुती साडी, त्यावर लेकीचं जाड जॅकेट, पायात लोकरी मोजे आणि डोक्याला माकडटोपी. कोलकात्याच्या एका मुलींच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर भूगोल शिकवला होता. आमचं संभाषण हिंदीत चालायचं. त्यांच्या हिंदीत सगळी लिंगं मोकळी सोडलेली असायची आणि माझ्या हिंदीत अधूनमधून मराठी शिरायचं, पण कुणाचं काही अडलं नाही.

तेव्हा घरापासून दोन किलोमीटरच्या आतच फिरायची परवानगी होती. गाव त्या हद्दीत जेमतेम बसत होतं. आमच्या इस्टेटीपासून गावापर्यंतचा रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना उंच काटेरी कुंपणझुडपं, आणि पायी चालणाऱ्याला पट्टीभरही जागा नाही. एरवी त्या रस्त्यावर कुणी चालत नसे. पण तेव्हा गाड्याच नव्हत्या. आम्ही दोघी रस्त्याच्या मधोमध चालत जायचो.

पहिल्याच दिवशी त्यांनी विचारायला सुरुवात केली.

"इथे पोस्ट कुठे?"

"माहीत नाही, माशीमा."

"औषधाचं दुकान? वाचनालय? ताजा मासा कुठे मिळतो?"

त्या थांबल्या आणि माझ्याकडे बघून हसल्या. "तू डेली पॅसेंजर. आमच्या गावातले पुरुष असेच होते. सकाळी गाव सोडायचे, रात्री परत यायचे. रविवारी बायको बाजारात पाठवायची तर रस्ता चुकायचे."

त्यांचं गाव कोलकात्याच्या उत्तरेला, लोकलने तासाभरावर. सकाळी आठला गाव रिकामं होतं आणि संध्याकाळी पुन्हा भरतं, असं त्या सांगायच्या. स्टेशनबाहेर सायकली ठेवायची शेड. तिथला माणूस चिठ्ठी न देता कुणाची सायकल कोणती हे ओळखायचा. त्याच्या शेजारी होमिओपॅथीचा दवाखाना, मग मिठाईचं दुकान, मग संध्याकाळचा मासळीबाजार. तो बाजार गाड्यांच्या वेळेवर चालायचा. कोलकात्याहून गाडी आली की कोळणी ओरडायला लागायच्या, गाडी गेली की चूप. ऑफिसमधून थकून आलेली माणसं एका हातात डबा आणि दुसऱ्या हातात मासे घेऊन घरी जायची. गावात तळी भरपूर, नळाला पाणी कमी. वाचनालय मात्र झकास, संध्याकाळी सहा ते नऊ, कारण त्याआधी वाचणारं कुणी गावात नसायचंच. "आमच्याकडे सगळ्या सोयी रेल्वेकडे तोंड करून बसलेल्या," त्या म्हणायच्या. "गाडी उशिरा आली तर गावाचं जेवण उशिरा."

त्यांच्यामुळे मला माझं गाव कळलं. पोस्ट सापडलं, ते एका किराणा दुकानाच्या मागच्या भागात होतं. औषधवाली सापडली. वाचनालय बंद होतं, पण दारावर हात ठेवून माशीमा म्हणाल्या, "चला, आहे तरी." आणि शुक्रवारी चौकात माशांची गाडी येते, हेही तेव्हाच समजलं. समुद्रावरून एक माणूस पांढऱ्या व्हॅनमधून मासे घेऊन येतो आणि दुपारपर्यंत उभा असतो. पहिल्या शुक्रवारी माशीमांनी सॅमन माशाकडे बोट दाखवून विचारलं, "याचं डोकं कुठे आहे?"

"टाकून दिलं," तो म्हणाला. "का, मांजरीसाठी हवं होतं?"

"माझ्यासाठी," माशीमा म्हणाल्या. "डोकंच टाकलं तर माशात उरलं काय?"

त्या माणसाने हसून हसून डोळे पुसले. पुढच्या शुक्रवारपासून डोक्यांची पिशवी माशीमांसाठी बाजूला काढलेली असायची. डाळीत घातलेलं ते डोकं मी पहिल्यांदा भीतभीत खाल्लं आणि मग माझीही एक पिशवी ठेवायला सांगितली.

आमच्या समोरच्या घरात एक आयरिश आजी एकट्या राहायच्या. नवरा शेतकरी होता, तो जाऊन काही वर्षं झाली होती. शेत त्याच्या आजारपणातच विकलं होतं, मग जुनं घर विकलं आणि त्या आमच्या इस्टेटीत राहायला आल्या. मुलगी कॅनडात. डोळे अधू झाले म्हणून त्यांनी गाडी चालवणं सोडलं होतं. त्यांना लागेल ते सामान शेजारीपाजारी आणून द्यायचे, मीही आणायचे. त्या प्रत्येक वेळी नीट आभार मानायच्या आणि प्रत्येक वेळी त्यांचा चेहरा जरा पडायचा, हे मला दिसायचं. एकदा म्हणाल्याच, "तू चांगली आहेस. पण मला माझे टोमॅटो स्वतः दाबून बघायचे असतात."

शरद ऋतूत गाड्या परत रस्त्यावर आल्या. एका दुपारी माशीमा आणि मी गावाकडे निघालो होतो. वळणावर कुंपणाला टेकून कुणीतरी बसलेलं दिसलं. समोरच्या आजी. शेतमालाने भरलेला एक ट्रॅक्टर जोरात आला म्हणून त्या झुडपात शिरल्या होत्या आणि पाय घसरून खाली बसल्या होत्या. हाताला काटे, गुडघ्याला चिखल, पिशवीतली अंडी रस्त्यावर.

"आय'म ग्रँड," त्या म्हणाल्या. इथे माणूस मरायला टेकला तरी ग्रँडच असतो.

आम्ही दोघींनी त्यांना उठवलं आणि त्यांच्या घरी आणलं. मनगट सुजलं होतं. माशीमांनी ते थंड पाण्यात धरायला लावलं, मी चहा केला. तेवढ्यात खिडकीबाहेर, अगदी आमच्या इस्टेटीच्या तोंडावरून, गावाकडे जाणारी छोटी बस गेली. दिवसातून तीन-चार वेळा जायची.

माशीमांनी तिच्याकडे पाहिलं. "ही इथे थांबत का नाही?"

"थांबा नाही म्हणून," आजी म्हणाल्या.

"थांबा का नाही?"

"कधीच नव्हता." आजींनी खांदे उडवले. "माझा पास आहे बरं का, फुकट प्रवासाचा. प्रेसमध्ये पडलाय."

प्रेस म्हणजे कपाट. मी माशीमांना समजावलं. त्यांना कपाटाशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांनी खुर्ची ओढली आणि आपल्या गावची गोष्ट सांगितली. त्यांच्या स्टेशनवर एकेकाळी जलद लोकल थांबत नसत. बंगालमध्ये त्यांना गॅलपिंग म्हणतात, म्हणजे मधली स्टेशनं गाळून उड्या मारत जाणारी गाडी. संध्याकाळी परत येताना शिक्षिका, नर्सेस, ऑफिसातल्या बायका पुढच्या मोठ्या स्टेशनवर उतरायच्या आणि रुळांच्या कडेने अंधारात मागे चालत यायच्या.

"पुरुषांनी रूळ अडवले," माशीमा म्हणाल्या. "दोनदा. पोलीस आले, खटले झाले, गाडी तशीच धावत राहिली. मग आम्ही बायकांनी ठरवलं, भांडायचं नाही. साहेबाला बोलवायचं. रेल्वेच्या साहेबाला चहाला बोलवलं आणि म्हटलं, एकच विनंती, आमच्याबरोबर एकदा त्या वाटेने घरी चला. श्रावण होता. साप निघाला वाटेत. आम्ही सोडला नव्हता हां." त्या हसल्या. "पुढच्या वेळापत्रकात गाडी थांबायला लागली."

आजी त्यांच्याकडे बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "मिसेस, तुम्ही इथे फार उशिरा आलात."

घरी परतताना मी माशीमांना म्हटलं, "तिथलं वेगळं होतं. आपण इथले नाही. उगीच पुढेपुढे केलं तर लोक काय म्हणतील?"

"मी तरी त्या गावची कुठे होते?" त्या म्हणाल्या. "लग्न करून आले होते. गाडीसाठी उभी राहिले तेव्हा माझं माहेर कुणी विचारलं नाही."

त्याच आठवड्यात मी आमच्या भागाच्या नगरसेवकांना ईमेल लिहिला. आजींचं पडणं जसंच्या तसं लिहिलं. त्यांचं उत्तर आलं, ते सभ्य होतं. डिसेंबरमध्ये एक ऑनलाइन बैठक ठरली. नगरसेवक, बससेवेच्या व्यवस्थापक बाई आणि रस्त्यांचा एक तरुण अभियंता. आमच्या बाजूने मी, आणि इस्टेटीतली दहा-बारा घरं आपापल्या चौकोनात. आजींना कॉम्प्युटर जमत नव्हता, म्हणून त्या मास्क लावून माझ्या मागे उघड्या खिडकीजवळ बसल्या होत्या. दुसऱ्या टोकाला माशीमा.

व्यवस्थापक बाई म्हणाल्या, "इच्छा आहे, पण त्या रस्त्याला फूटपाथ नाही. प्रवाशांना झुडपात उतरवता येणार नाही."

मी अभियंत्याला विचारलं, फूटपाथ का नाही? तो म्हणाला, "त्या रस्त्यावर कुणी चालत नाही, म्हणून तो कधी मंजूर होत नाही."

"कुणी चालत नाही कारण चालता येत नाही," मी म्हणाले. "आणि चालता येत नाही म्हणून बस हवी. आणि बस नाही, कारण चालायला जागा नाही. मग आम्ही करायचं काय?"

ऑफिसच्या मीटिंगमध्ये मी कधी इतक्या मोठ्या आवाजात बोलले नव्हते. चौकोनांतून कुणीतरी टाळी वाजवली. तेवढ्यात माशीमांनी आपली खुर्ची सरकवत कॅमेऱ्यात डोकं घातलं. पडद्यावर माकडटोपी दिसली.

"सर," त्या शाळेतल्या इंग्रजीत म्हणाल्या, "मॅडम. काइंडली कम अँड वॉक विथ अस."

नगरसेवक हसले. मग हसू आवरून म्हणाले, "खरं सांगू? मी त्या रस्त्याने आयुष्यात कधी चाललो नाही. येतो."

जानेवारीत पुन्हा सगळं कडक बंद झालं. मला वाटलं, संपलं. पण फेब्रुवारीच्या मध्यावर व्यवस्थापक बाईंचाच फोन आला. रस्त्याची पाहणी हे त्यांचं कामच होतं, त्याला मनाई नव्हती. गुरुवारी दुपारी येतो म्हणाल्या.

गुरुवारी असा पाऊस होता की माझी मुलगी खिडकीतून बघून ओरडली, "आई, इट्स लॅशिंग! दे वोन्ट कम!"

"येतील," मी म्हटलं, पण मला स्वतःला खात्री नव्हती.

ते आले. तिघेही. आम्ही गावातल्या बसथांब्यावर भेटलो, सगळे मास्क लावून, एकमेकांपासून अंतर ठेवून. माशीमांनी तिथे भाजीच्या पिशव्या तयार ठेवल्या होत्या. प्रत्येकीत बटाटे आणि दुधाचा मोठा डबा.

"हे काय?" अभियंत्याने विचारलं.

"तुमचा आठवड्याचा बाजार," माशीमा म्हणाल्या. "रिकाम्या हाताने कुणीही चालेल."

पुढे समोरच्या आजी, हातात काठी. मागे बाकीचे, एकामागे एक, झुडपाला चिकटून. पहिल्या वळणावर एक मालट्रक आला. चाकांखालचं तळं उडालं आणि व्यवस्थापक बाई कमरेपर्यंत भिजल्या. अभियंता इतका आत सरकला की त्याचं जाकीट काट्यांत अडकलं. आजींनी वळून पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाल्या, "हा हळू चालवणारा होता."

तिथे सगळेच हसलो. व्यवस्थापक बाई चष्मा पुसत म्हणाल्या, "मला पटलं. अगदी पटलं. पण मी बस उभी करू कुठे? मागून असा ट्रक आला तर?"

आम्ही तोवर इस्टेटीच्या तोंडाशी आलो होतो. प्रश्न खरा होता. पिशवीच्या वजनाने बोटं वळली होती. एवढं करून शेवटी इथेच अडणार, असं वाटून मला रडू यायला लागलं.

आजी मात्र चार पावलं पुढे गेल्या आणि काठीने झुडूप ढोसायला लागल्या. एका जागी काठी टणकन वाजली.

"इथे," त्या म्हणाल्या. "हा आमचा दूधकट्टा."

आम्हाला काही कळेना. मग त्यांनी सांगितलं. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा गावोगावचे शेतकरी दुधाची भांडी रस्त्याकडेच्या अशा सिमेंटच्या कट्ट्यावर ठेवायचे आणि डेअरीची लॉरी येऊन ती उचलायची. लॉरी रस्त्यातून बाजूला यावी म्हणून कट्ट्यापुढे खडी टाकून चांगली रुंद जागा केलेली असे. पुढे टँकर थेट गोठ्यापर्यंत यायला लागले आणि कट्ट्यावर रान माजलं.

अभियंत्याने पिशवी खाली ठेवली आणि झुडपात वाकला. बुटाने माती खरवडली. खाली खडी होती. तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत झुडपातूनच चालत गेला आणि बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा बदलला होता. "बस मावते," तो म्हणाला. "आरामात मावते!"

"जमीन कुणाची?" व्यवस्थापक बाईंनी विचारलं.

आजींचा चेहरा मिटला. "आता त्याची," त्या म्हणाल्या आणि पलीकडच्या शेतघराकडे मान केली.

पलीकडचा शेतकरी. आजींच्या नवऱ्याचं शेत त्यानेच घेतलं होतं. आजी त्याच्याशी बोलत नव्हत्या, हे इस्टेटीत सगळ्यांना माहीत होतं, कारण मात्र कुणाला ठाऊक नव्हतं. नगरसेवक म्हणाले, मी बोलतो. आजी म्हणाल्या, नको. "मला विचारायचंय. माझा कट्टा आहे."

दुसऱ्या दिवशी त्या निघाल्या. अंगणातला चिखल त्यांना दिसत नव्हता, म्हणून मी बरोबर गेले. शेतकरी गोठ्याच्या दारात उभा होता, साठीचा, लाल चेहऱ्याचा माणूस. आम्हाला पाहून त्याने टोपी काढली आणि ती हातातच ठेवली.

आजींनी नमस्कार-चमत्कार केला नाही. "मला दूधकट्ट्याची जागा हवी आहे," त्या म्हणाल्या. "बससाठी."

"घ्या की," तो म्हणाला.

इतकं सोपं उत्तर येईल अशी त्यांची तयारी नव्हती. त्या तशाच उभ्या राहिल्या. मग एकदम म्हणाल्या, "तू ते झाड पाडलंस. त्याने लावलेलं. त्याला पुरून आठवडाही झाला नव्हता."

"विजेच्या तारेवर झुकलं होतं," तो म्हणाला. मग मान हलवली. "पण मी थांबायला हवं होतं. उन्हाळ्यापर्यंत थांबलो असतो तर काही बिघडलं नसतं. मला रोज वाटायचं, येऊन सांगावं. मग इतके दिवस झाले की येता येईना."

आजी म्हणाल्या, "हो. थांबायला हवं होतंस." आणि थोड्या वेळाने, "मीही दार उघडलं नसतं म्हणा."

परत येताना त्यांनी माझा दंड घट्ट धरला होता. त्या रडत होत्या आणि त्यांची चाल मात्र नेहमीपेक्षा वेगात होती.

आता घाई होती. इथे मार्चपासून कुंपणझुडपं कापायची नाहीत असा कायदा आहे, पक्ष्यांची घरटी असतात म्हणून. फेब्रुवारीचे थोडेच दिवस उरले होते. शेतकऱ्याने स्वतःचं यंत्र आणून झुडूप कापलं. मग इस्टेटीतली माणसं पाळीपाळीने फावडी घेऊन उतरली, एका वेळी दोन घरं, लांबलांब उभी. कोपऱ्यावरचा पोलिश गवंडी, रात्रपाळी करून आलेला माझा नवरा, डब्लिनच्या ओंगारहून नव्याने राहायला आलेलं केरळी नर्स जोडपं. कित्येक वर्षं एकमेकांना गाडीच्या काचेतून हात हलवणारी माणसं तिथे पहिल्यांदा एकमेकांशी बोलली. माती निघाली, खडी निघाली, आणि शेवटी कट्टा निघाला, एका कोपऱ्यात फुटलेला, बाकी धडधाकट. माशीमांनी त्यावर बादलीभर पाणी ओतून तो झाडूने घासला. शाळेतला फळा पुसावा तसा.

कौन्सिलने खडीवर डांबर टाकलं, इस्टेटीच्या तोंडापर्यंत छोटा फूटपाथही केला. एप्रिलमध्ये खांब आला. त्याच सुमारास समोरच्या आजींच्या लसीच्या दुसऱ्या डोसची तारीख आली, गावातल्या त्यांच्या डॉक्टरकडे. कॅनडाहून लेकीचा फोन आला, टॅक्सी सांग म्हणून.

"टॅक्सी?" आजी फोनवर म्हणाल्या. "माझ्या दारात बस येते!"

त्या सकाळी इस्टेटीतली बहुतेक घरं बाहेर आली होती, आपापल्या गवतावर अंतर ठेवून उभी. तेव्हा बसमध्ये फार थोड्याच लोकांना घ्यायचे, म्हणून चढायच्या त्या आम्ही तिघीच होतो. आजींनी निळा कोट घातला होता, ओठांना लाली लावली होती आणि मग मास्कने ती झाकली गेली म्हणून हळहळत होत्या. शेतकरी आपल्या फाटकात उभा होता. डॉक्टर रात्रीची ड्यूटी संपवून नुकतीच आली होती आणि झोपायला न जाता आईचा फोटो काढायला थांबली होती. दोघींची लस झाल्यापासून मायलेकी पुन्हा एका टेबलावर जेवायला लागल्या होत्या.

बस वळणावर दिसली. दिवा लुकलुकला. ती वळली, हळूच रस्त्याच्या बाहेर आली आणि कट्ट्यासमोर थांबली.

जो आवाज उठला तो मी विसरणार नाही. लोक टाळ्या वाजवत होते, कुणी भांडी वाजवत होतं, माझी मुलगी कुंपणावर चढून ओरडत होती, "गो ऑन, गो ऑन!" ड्रायव्हर दार उघडून आमच्याकडे बघत राहिला. "काय, राणी येणार आहे का?" त्याने विचारलं.

"आलीये," आजी म्हणाल्या आणि कपाटातून आणलेला पास त्याच्यापुढे धरला.

माशीमांनी तिकीट काढलं. त्यांना फुकट प्रवास नव्हता आणि हवाही नव्हता. "तिकीट काढलं की गाडी आपली," त्या म्हणाल्या. एकेका सीटचं अंतर ठेवून आम्ही तिघी एकामागे एक बसलो. ज्या रस्त्याने आम्ही चिखलात चाललो होतो तो पाच मिनिटांत संपला. मला तो आणखी लांब हवा होता. खिडकीतून आजी वळण बघत होत्या, जिथे त्या पडल्या होत्या. माशीमा मात्र मागे वळून म्हणाल्या, "मा, ही थांबते बघ सगळीकडे. गॅलपिंग नाही."

डॉक्टरकडे लस झाली. मग आजी बाजारात गेल्या आणि आम्हाला बाहेर थांबवून एकट्या दुकानात शिरल्या. बराच वेळ आल्या नाहीत. काचेतून दिसत होत्या, टोमॅटोच्या टोपलीसमोर उभ्या, एकेक हातात घेऊन बघत.

पहिल्यांदा थांबा प्रायोगिक होता, तीन महिन्यांसाठी. उन्हाळ्यात तो कायम झाला. व्यवस्थापक बाईंनी फोन करून सांगितलं, आणि म्हणाल्या की आता दुसऱ्या एका गावाच्या लोकांनी त्यांना बटाट्याची पिशवी घेऊन चालायला बोलावलं आहे. "तुमच्या त्या शिक्षिकाबाईंना सांगा, हे त्यांच्यामुळे झालं," त्या म्हणाल्या. मी सांगितलं. माशीमांनी मान डोलावली. त्यांना नवल वाटलं नाही, आनंद झाला.

विमानं सुरू झाल्यावर शरदात माशीमा परत गेल्या. लेकीने विमानतळापर्यंत गाडीने सोडायचं म्हटलं. त्या म्हणाल्या, रेल्वेने जाऊ, आणि स्टेशनपर्यंत बसने. सामान दोन मोठ्या बॅगा, एकीत आमच्या माशांच्या गाडीवाल्याने दिलेला खारवलेला मासा. समोरच्या आजी आणि त्या एकमेकींना मिठी मारून उभ्या राहिल्या. एकीची उंची दुसरीच्या खांद्यापर्यंत. ड्रायव्हर वेळापत्रकाकडे न बघता थांबला.

माझं ऑफिस आता आठवड्यातून दोनच दिवस बोलावतं. मी गाडी काढत नाही. सकाळी कट्ट्यावर जाऊन उभी राहते. केरळी नर्स असते, पोलिश गवंड्याची बायको असते, कधी कॉलेजला जाणारी मुलं. आम्ही पावसाबद्दल बोलतो, घरभाड्याबद्दल बोलतो, कुणाच्या आईला बरं नाही ते विचारतो. बस आली की हात करावा लागत नाही, ती आपणच थांबते.